सायकलवरचा कॅमेरा

'शोले' हे नाव ज्याने ऐकले नाही, असा मुलगा किंवा मुलगी तुमच्या वर्गात बहुधा सापडणार नाही. हा चित्रपट १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला. त्यात गब्बरसिंगचे डाकू घोड्यांवरून येतात. आता दुसऱ्या 'शोले'ची गोष्ट ऐका. त्यात डाकू सायकलींवरून येतात! हा चित्रपट सन २००० मध्ये नाशिक जिल्ह्यातील मालेगाव या गावी तयार झाला. त्याचे नाव 'मालेगाव के शोले'. तो नासिर शेख यांनी बनवला. नासिर शेख व्हिडिओ पार्लर चालवीत असत. लहानशा जागेत टीव्ही आणि व्हीसीआर लावून, तिकीट घेऊन चित्रपट दाखवण्याच्या जागेला व्हिडिओ पार्लर म्हणत. चित्रपटात काम करणारे नट म्हणजे त्यांचे मित्र आणि ओळखीपाळखीचे लोक. खर्च सुमारे ५० हजार रुपये. एवढ्या पैशांत मुंबईच्या चित्रपटातील एका गाण्याचे कपडेही शिवून होत नाहीत.

मालेगाव हे यंत्रमागांचे शहर आहे. तेथे गल्लोगल्ली मागांची खडखड चालू असते आणि शुक्रवारी माग बंद राहतात. आठवडाभर मागावर उभा राहणारा कामगार शुक्रवारी थोडा मोकळा होतो. अशा शहरात कोणी चित्रपट शाळेत जाऊन शिकलेले नव्हते. पुण्याला चित्रपट आणि दूरचित्रवाणीचे शिक्षण देणारी मोठी सरकारी संस्था आहे, पण मागावरच्या माणसाला पुणे दूरच. मग ही माणसे शिकली कशी? त्यांनी चित्रपट पाहिले. आपण पाहतो तसे नव्हे. एकच दृश्य पुन्हा पुन्हा, थांबवून थांबवून पाहिले. कॅमेरा कुठे ठेवला असेल, तो पुढे कसा सरकला असेल, हे ताडले.

दृकश्राव्य चित्रणाची मूलतत्त्वे समजून घेताना मी मालेगावचे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. दूरदर्शनच्या स्टुडिओचे उदाहरण घेतले असते, तर तुम्ही म्हणाला असता, "सर, ती यंत्रे आमच्याकडे कुठे आहेत?" आज बऱ्याच घरांत चित्रण करू शकणारा मोबाइल असतो. नासिर शेख यांच्या कॅमेऱ्यापेक्षा त्याचे चित्र अधिक स्पष्ट येते. तेव्हा यंत्राची सबब चालणार नाही.

प्रथम चित्र हलते कसे, ते पाहू. खरे तर पडद्यावर काहीच हलत नाही. एकामागून एक स्थिर चित्रे इतक्या झपाट्याने येतात की डोळ्यांना ती सलग वाटतात. चित्रपटात एका सेकंदाला २४ चित्रे असतात. आपल्या देशातील दूरचित्रवाणीत ती २५ असतात. हा २५ चा आकडा कुठून आला? आपल्याकडील विजेचा प्रवाह सेकंदाला ५० वेळा आवर्तन करतो. चित्रांची संख्या त्याच्या बरोबर निम्मी ठेवली, की विजेचा आणि चित्राचा ताल जुळतो. मोबाइलमध्ये बहुधा सेकंदाला ३० चित्रे घेतली जातात. म्हणून ट्यूबलाइटखाली चित्रण करताना कधी कधी पडद्यावर पट्टे सरकताना दिसतात. तो मोबाइलचा बिघाड नव्हे.

आता कॅमेरा हातात घ्या. पहिला प्रश्न असा : किती दाखवायचे? येथे तीन शब्द पाठ करा. दूरदृश्य, मध्यदृश्य आणि समीपदृश्य. चित्रण करणारे लोक लाँग शॉट, मिड शॉट आणि क्लोजअप असे म्हणतात. समजा, तुम्हाला तुमच्या मोहल्ल्यातील रफूगरावर दोन मिनिटांचे चित्रण करायचे आहे. गल्ली, दुकाने, जाणारे-येणारे लोक आणि त्यांच्यामध्ये एका ओट्यावर बसलेला रफूगर, हे झाले दूरदृश्य. पाहणाऱ्याला जागा कळली. कमरेपासून वर रफूगर, त्याच्या मांडीवर शेरवानी आणि डोळ्यांवर चष्मा, हे मध्यदृश्य. माणूस कळला. शेरवानीला पडलेले भोक, सुईचे टोक आणि दोन बोटे, हे समीपदृश्य. काम कळले. तिन्ही दृश्ये घेतल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही. नवशिके लोक सगळे दुरूनच चित्रित करतात, कारण जवळ जायला संकोच वाटतो. मग पडद्यावर गर्दी दिसते, रफूगर दिसत नाही.

कॅमेऱ्यात झूम नावाची सोय असते. बटण दाबले की दूरची वस्तू जवळ येते. ही सोय मुलांना फार आवडते आणि लग्नाच्या चित्रणात तर तिचा सुकाळ असतो! दुल्हा जवळ, दुल्हा दूर, झुंबर जवळ, झुंबर दूर. पाहणाऱ्याला गरगरते. आपला डोळा कधी झूम करत नाही. तो एक वस्तू पाहतो, मग दुसरी पाहतो. म्हणून चित्रण चालू असताना झूम वापरू नका. जवळचे हवे असेल तर आपण चालत जवळ जा आणि नवे दृश्य सुरू करा. प्रत्येक दृश्य मनात दहापर्यंत आकडे मोजून होईतो स्थिर धरा. दहा सेकंद हातात धरणे वाटते तितके सोपे नाही. कोपर छातीला टेकवा किंवा भिंतीला पाठ लावा. तीन पायांची घोडी, म्हणजे ट्रायपॉड, असेल तर उत्तमच. नसेल तर विटांची चवड आणि वर तांदळाची लहान पिशवी पुरते. पिशवीत कॅमेरा घट्ट बसतो.

पण कॅमेरा हलवायचाच असेल तर? धावणाऱ्या माणसाबरोबर कॅमेराही धावला पाहिजे. मोठ्या चित्रपटात त्यासाठी रूळ टाकून त्यावर ट्रॉली चालवतात. मालेगावच्या मंडळींनी ट्रॉलीचे काम सायकलकडून करून घेतले. कॅमेरामन सायकलवर आणि ढकलणारे मित्र मागे. सायकलच्या चाकात हवा असते, त्यामुळे धक्के कमी बसतात. कॅमेरा खालून वर उचलायला मोठ्या चित्रपटात क्रेन असते. मालेगावात क्रेनच्या जागी बैलगाडी आली. बैल सोडलेली गाडी तुम्ही पाहिली असेल. ती आपल्या आसावर तराजूसारखी असते. मागची बाजू दाबली की पुढची दांडी वर जाते. दांडीवर बसलेला माणूसही वर जातो. भौतिकशास्त्राच्या तासाला तरफेचा नियम शिकला आहात ना? तोच हा नियम.

उजेडाबद्दल फार सांगत नाही. सूर्य किंवा खिडकी ज्याच्या पाठीमागे असेल, त्याचा चेहरा काळा दिसतो. म्हणून बोलणाऱ्याचे तोंड उजेडाकडे करा. चेहऱ्याची एक बाजू अंधारात असेल तर त्या बाजूला पांढरी चादर किंवा थर्मोकोलचा तुकडा धरा. उजेड त्यावर आपटून चेहऱ्यावर येतो. सकाळचा आणि अस्राच्या नमाजनंतरचा तिरपा उजेड चांगला असतो. भर दुपारी डोळ्यांच्या खोबणीत सावल्या पडतात आणि हसरा माणूसही आजारी दिसतो.

आवाजाबद्दल मात्र थोडे थांबून बोलू. आज घरी एक प्रयोग करा. टीव्हीवर एखादी मालिका चालू असताना आवाज पूर्ण बंद करा आणि दोन मिनिटे नुसती चित्रे पाहा. मग आवाज चालू करून डोळे मिटा. दुसऱ्या वेळी तुम्हाला जास्त गोष्ट कळेल. चित्र थोडे धूसर असले तर लोक सहन करतात, आवाज कळला नाही तर उठून जातात. आपले कान फार हुशार आहेत. पंख्याची घरघर, रस्त्यावरचे भोंगे हे सगळे बाजूला सारून ते आपल्याला हवे ते शब्द ऐकतात. मायक्रोफोनला ही निवड करता येत नाही. त्याला माग आणि माणूस सारखेच. मागांच्या शहरात ही केवढी अडचण असेल, याची कल्पना करा. म्हणून बोलणाऱ्याच्या जितके जवळ जाता येईल तितके मायक्रोफोनने गेले पाहिजे; एक वीत अंतर चांगले. मोबाइलवर चित्रण करत असाल तर आवाजासाठी दुसरा मोबाइल बोलणाऱ्याच्या खिशात ठेवा. सुरुवातीला जोरात एक टाळी वाजवा. पुढे चित्र आणि आवाज जुळवताना चित्रात हात एकमेकांना लागले तो क्षण आणि आवाजात टाळी ऐकू आली तो क्षण एकत्र आणायचा. चित्रपटाच्या चित्रणात पाटीवर फट्टी आपटतात, ती याचसाठी. आणखी एक करा. काम संपले की अर्धा मिनिट सगळ्यांनी गप्प राहून त्या जागेचा नुसता आवाज मुद्रित करा. तो जोडकामाला उपयोगी पडतो.

हे जोडकाम म्हणजे संकलन. आपल्या उर्दूत दिग्दर्शकाला हिदायतकार म्हणतात आणि पटकथेला मंजरनामा म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. संकलनाला मात्र उर्दू बोलणारे आणि मराठी बोलणारे दोघेही सर्रास 'एडिटिंग' म्हणतात. मला विचाराल तर त्याला रफू म्हणावे. रफू चांगला झाला की भोक कुठे होते ते कळत नाही. संकलन चांगले झाले की जोड कुठे आहेत ते कळत नाही. व्हिडिओ कॅसेटच्या काळात हे काम दोन व्हीसीआर जोडून केले जाई. एकात मूळ कॅसेट लावायची, दुसऱ्यात कोरी. हवे ते दृश्य आले की कोऱ्या कॅसेटवर उतरवायचे, मग थांबायचे, पुढचे दृश्य शोधायचे, पुन्हा उतरवायचे. मध्येच एखादे दृश्य घालायचे राहिले असे आठवले, तर तेथून पुढचे सारे काम पुन्हा. शिवाय प्रत्येक नकलेत चित्र फिकट होई. आता संगणकावर किंवा मोबाइलवर दृश्ये पत्त्यांसारखी पुढेमागे हलवता येतात. पण कोणते पान कोणत्या पानापुढे ठेवायचे, हे यंत्र सांगत नाही.

या बाबतीत एक नियम लक्षात ठेवा. फुटबॉलचा सामना टीव्हीवर पाहताना मुख्य कॅमेरे मैदानाच्या एकाच बाजूला असतात. का बरे? डावीकडून उजवीकडे धावणारा संघ समोरच्या बाजूने पाहिला तर उजवीकडून डावीकडे धावताना दिसेल. पाहणाऱ्याला वाटेल, हा आपल्याच गोलाकडे निघाला! चित्रणातही असेच आहे. डाकूंच्या सायकली एका दृश्यात उजवीकडे जात असतील, तर पुढच्या दृश्यातही उजवीकडेच गेल्या पाहिजेत. दोन माणसे बोलत असतील, तर त्यांच्यामध्ये एक रेषा आहे असे समजा आणि ती रेषा ओलांडून पलीकडे कॅमेरा नेऊ नका.

'शोले'नंतर मालेगावच्या मंडळींनी 'सुपरमॅन' हाती घेतला. त्यांचा सुपरमॅन होता शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारा एक किडकिडीत तरुण. सुपरमॅन उडाला पाहिजे. कसा उडवायचा? त्यासाठी हिरवे कापड लागते. नटाला हिरव्या कापडापुढे ठेवून चित्रण करतात. नंतर संगणकाला सांगतात, जेथे जेथे हा हिरवा रंग असेल तेथे तेथे दुसरे चित्र भर. मग कापडाच्या जागी आकाश, इमारती, नदी, काहीही आणता येते. हिरवाच रंग का? माणसाच्या कातडीत तो रंग नसतो. अशा कामासाठी निळे कापडही वापरतात, पण सुपरमॅनचा पोशाख निळा! निळ्या कापडापुढे त्याला ठेवले असते, तर आकाशात नुसते डोके आणि हात उडाले असते. त्या चित्रपटातील सुपरमॅन मालेगावात पसरलेल्या तंबाखूच्या व्यसनाशी लढतो. दुःखाची गोष्ट अशी की पुढे काही वर्षांतच शफीक शेख तोंडाच्या कर्करोगाने वारले.

आता दृश्ये जोडण्याबद्दलची एक महत्त्वाची गोष्ट सांगतो. सुमारे शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशॉव्ह नावाचे एक दिग्दर्शक आणि शिक्षक होते. त्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यांनी एका नटाच्या चेहऱ्याचे समीपदृश्य घेतले. चेहऱ्यावर काहीच भाव नव्हता. ते दृश्य एकदा सूपच्या वाटीच्या दृश्याला जोडले, एकदा शवपेटीतील मुलाच्या दृश्याला आणि एकदा एका तरुणीच्या दृश्याला. पाहणारे म्हणाले, नट किती भुकेला दिसतो! किती दुःखी दिसतो! किती प्रेमाने पाहतो! चेहरा तोच होता. अर्थ जोडणीत होता.

या प्रयोगाचा आपल्याशी काय संबंध? समजा, मोहल्ल्यातील पाण्याच्या प्रश्नावर सभा भरली. दोनशे माणसे दोन तास शांतपणे बसली. शेवटी एक तरुण उठून हात उंचावून ओरडला. चित्रण करणाऱ्याने सगळे चित्रित केले, पण दाखवताना फक्त त्या तरुणाचे समीपदृश्य दाखवले. त्याच्या आधी पोलिसांची गाडी जोडली, मागे भोंग्याचा आवाज घातला. तरुण ओरडला हे खरे. गाडी त्या रस्त्याने गेली हेही खरे. एकही चित्र खोटे नाही. तरीही पाहणाऱ्याच्या मनात जे उमटले, ते घडलेच नव्हते. पाणी तर कुणालाच दिसले नाही.

मालेगावात ८ सप्टेंबर २००६ रोजी आणि २९ सप्टेंबर २००८ रोजी बाँबस्फोट झाले. निरपराध माणसे मेली. त्या दिवसांत बाहेरून पुष्कळ कॅमेरे त्या शहरात आले. रक्त, पोलीस, रडणारे आप्त त्यांनी दाखवले. ते दाखवायलाच हवे होते. पण ज्यांनी मालेगाव फक्त त्याच दिवसांत पाहिले, त्यांच्या मनात शहराचे तेवढेच चित्र राहिले. त्याच २००८ साली फैजा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट तयार झाला. त्यात मालेगावचा सुपरमॅन कसा बनला ते दाखवले आहे. कॅमेरा पाण्यात पडतो, मंडळी हवालदिल होतात, पुन्हा कामाला लागतात आणि सतत एकमेकांची थट्टा करतात. शहर तेच, गल्ल्या त्याच. हा माहितीपट देशोदेशी पाहिला गेला. पुढे याच मंडळींच्या जीवनावर रीमा कागती यांनी 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा चित्रपट काढला आणि २०२५ मध्ये तो देशभरातील चित्रपटगृहांत लागला.

एखाद्या ठिकाणचे चित्र बाहेरच्यांनीही घ्यावे, पण आतल्यांनाही ते घेता आले पाहिजे, असे मला वाटते. तेव्हा या पाठाचा गृहपाठ लेखी नाही. चार-चार जणांचे गट करा. एक चित्रण करील, एक आवाज पाहील, एक प्रश्न विचारील आणि एक वहीत नोंद ठेवील. मुलींच्या गटांनी घरातील किंवा शेजारच्या एखाद्या स्त्रीचे काम निवडले तरी चालेल. जरीचे भरतकाम, शेवया, गोधडी, काहीही. मुलांनी रफूगर, नानवाला, पतंग करणारा किंवा जिल्दसाज निवडावा. आधी परवानगी घ्या. घरातील कुणाची चित्रात येण्याची इच्छा नसेल, तर फक्त हात दाखवा; हातही पुष्कळ बोलतात. कॅमेरा काढण्याआधी कागदावर दहा चौकोन आखा आणि दहा दृश्ये चित्रांनी मांडा. चित्रकला येत नसली तरी हरकत नाही, काड्यांची माणसे काढा. मोबाइल आडवा धरा. 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर येईल असा प्रश्न विचारू नका. "हे काम तुम्हाला आवडते का?" असे विचाराल तर समोरचा "हो" म्हणून गप्प बसेल. "पहिल्या दिवशी काय बिघडवलेत?" असे विचारून पाहा, मग बघा तो किती बोलतो!

चित्रण जोडून झाले की वहीत दोन रकाने आखा. एका रकान्यात तुम्ही काय दाखवले ते लिहा. दुसऱ्यात काय गाळले आणि का गाळले ते लिहा. हा दुसरा रकाना मी अधिक लक्षपूर्वक तपासणार आहे. वर्गात दाखवण्यापूर्वी चित्रण एका माणसाला दाखवायचे आहे, ज्याचे ते आहे त्याला. त्याच्या ओट्यावर जा, मोबाइल त्याच्या हातात द्या आणि पाहून झाल्यावर तो काय म्हणाला, ते त्याच्याच शब्दांत लिहून आणा.